ब्लॉक किती सोसेल

जहागिऱ्या गेल्या त्या वर्षी हैदराबादेत काचीगुडा स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एका जहागीरदाराचा ड्रायव्हर अंबाजी आणि त्याची शेजारीण मालनबाई उभी होती.

"नोकरी का सुटली, अंबाजीभाऊ?"

"गाडीच राहिली नाही, मालनबाई. इंजिनाचा ब्लॉक, त्याचा लोखंडी सांगाडाच, फुटला."

"ती शर्यतीची गाडी?"

"तीच. साहेबांनी हौसेनं इंजिनाची ताकद वाढवली, पण ब्लॉक तेवढं सोसणारा नव्हता. म्हणून निम्म्याच्या वर पेडल दाबायचं नाही, असा त्यांचाच हुकूम होता."

"मग दाबलं कशाला?"

"साहेबांच्या सूनबाई बाळंतपणात अडल्या होत्या. दवाखाना लांब. साहेबच मागच्या सीटवरून म्हणाले, 'दबाओ, अंबाजी.' मी म्हणालो, 'हुजूर, ब्लॉक फुटेल.' तर म्हणाले, 'लोहाच है, फूटने दो.'"

"आणि सूनबाई?"

"दवाखान्याच्या फाटकात इंजिन बंद पडलं. तिथून उचलून आत नेलं. मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत."

"दुसरा ब्लॉक नाही मिळत?"

"विलायतेहून येतो. जहागीर गेल्यावर कुठून मागवतील?"

"तुमचं सामान कुठंय?"

"ते काय, साहेबांनी हातात धरलंय. मला पोचवायला आलेत. रिक्षात बसून, जन्मात पहिल्यांदा."