दहा वॉट

दुरुस्तीच्या दुकानात इस्त्री घेऊन थांबलेल्या शिक्षिकेला पुढच्या वृद्ध गृहस्थांचे आणि मेकॅनिकचे बोलणे ऐकू येत होते.

"आमची ही गेली, त्याआधीची तिच्या आवाजाची कॅसेट आहे. आवाज अगदी खोल गेलेला, म्हणून घरच्या जुन्या मोठ्या स्पीकरना दांडगा अॅम्प्लिफायर आणला. तर नुसती खरखर. मुलगा म्हणतो, कॅसेट खराब झालीय, टाकून द्या."

"कॅसेट न लावताही खरखर येते का, काका?"

"येते की."

"मग ती अॅम्प्लिफायरची. तुमच्या स्पीकरना थोडकी ताकद पुरते, दांडग्याची खरखरही ते मोठी करून ऐकवतात. हा दहा वॉटचा घ्या, स्वस्त आहे. लावून बघू?"

"इथं नको. लोक आहेत."

"बरं, घरी ऐका. उद्या येऊन सांगा."

"ती ऐकू आली, तर उद्या मी घरातून हलायचो नाही."