रोज मागून घेतलेलं समाधान

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि वारूळवाडीतल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

टोमॅटोच्या तोडणीचे दिवस आहेत, तरी कामं टाकून तुम्ही एस्तेरवहिनीच्या शोकसभेला आलात. मंडप भरला. मला नीट बोलता येईल का, ठाऊक नाही. मला राग आलाय. देवाच्या घरासमोर उभी राहून खोटं कशाला बोलू?

माझ्या आधी सात-आठ जण बोलले. प्रत्येकानं एकच शब्द काढला. एस्तेरबाई समाधानी होत्या. सुखात समाधानी, दुःखात समाधानी. ऐकून ऐकून माझं डोकं तापलंय. मी तिची सख्खी नणंद. हा शब्द तुमच्यापेक्षा जास्त वेळा मीच वापरलाय. म्हणून मला माहीत आहे, आपण तो कशासाठी वापरतो.

हा माझा भाऊ दाविद, इथं पुढं चाकाच्या खुर्चीत बसलाय. नारायणगावहून मंचर, पेठ अशी जीप चालवायचा. वहिनी लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यानं स्वतःची जीप घेतली. जुनीच, पण आमच्या घरातली पहिली गाडी. दादा दिवसातून तीनदा काचा पुसायचा. आम्ही सगळे हवेत होतो. वहिनीनं बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाली, "अवो, गाडी लई चांगली हाय. पण तिच्यावाचून आपलं अडायला नगं." दादा चिडला. मी पण चिडले. म्हटलं, हिला धड आनंदसुद्धा करता येत नाही!

चार वर्षांनी पेठच्या अलीकडं ट्रक समोरून अंगावर आला. दादानं जीप रस्त्याखाली घातली. आतली माणसं वाचली. दादाची कंबर गेली. बारा वर्षं झाली, त्याचे पाय हलले नाहीत.

बारा वर्षं, मंडळी. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं. पाठ पुसायची, पावडर लावायची, चादर बदलायची. मधल्या वेळात लोकांचे ब्लाऊज शिवायचे. रविवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून त्याला इथं चर्चला आणायचं. बबनभाऊ, ट्रॅक्टर तुमचा. तुम्ही आमच्या मंडळीतले नाही, पण बारा वर्षांत तुमचा एक रविवार चुकला नाही. आम्ही बाकीच्यांनी काय केलं? आम्ही वहिनीकडं बघून म्हणालो, काय समाधानी बाई आहे! आणि आपापल्या घरी जेवायला गेलो.

रागावू नका. आता माझं सांगते.

एकदा वहिनीनं एसटीडी बूथवरून मला पुण्याला फोन केला. मी तिथं शाळेत क्लार्क आहे. ती म्हणाली, "ताई, आमची आई लई आजारी हाय. तुमी आठ दिस येता का? मी संगमनेरला जाऊन येते." तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. रजा मिळाली असती. मी मागितलीच नाही. मी तिला म्हटलं, "वहिनी, तुझ्यासारखं समाधान देवानं मला दिलं नाही गं. मला ते सगळं जमायचं नाही."

 मग ती म्हणाली, "बरं."

दहा दिवसांनी तिची आई गेली. वहिनी आईच्या मातीला गेली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली. तेवढा दिवस दादाजवळ बबनभाऊंच्या घरची माणसं बसली. माझाच भाऊ, आणि मी पुण्यात.

त्या वर्षी नाताळला मी आले. दुपारी घरात वहिनी दिसेना. मागच्या अंगणात गेले, तर ती चादरी आपटत होती आणि मोठ्यानं कुणाशी तरी भांडत होती. मला वाटलं, शेजारीण असेल. कुणी नव्हतं. ती देवाशी बोलत होती. "तू बगतूयास ना? मग बग. त्यांच्या पाठीला आज पुन्ना जखम झाली. माझी आई माझं नाव घेत गेली, मी न्हवते. माझ्यात आता काय बी उरलं न्हाई. आजच्यापुरतं दे. उद्याचं मी मागत न्हाई." रडत होती आणि चादर आपटत होती. मग चादर खाली ठेवली. बराच वेळ तशीच बसली. पदरानं तोंड पुसलं, मागं वळली, तर मी.

मी विचारलं, "वहिनी, हे काय?"

"प्रार्थना," ती म्हणाली.

"रोज अशी?"

"रोज. तुमास्नी काय वाटलं ताई, मी जल्मापास्नं अशीच हाय? कालचं समाधान आज पुरत न्हाई मला. परत मागावं लागतं. येशू देतो. पर बस म्हनतो, थांब म्हनतो, मग देतो."

"आणि जीप होती तेव्हा?"

"तवा तर जास्त मागायची. तवा लई भ्या वाटायचं. हे बी पायजे, ते बी पायजे, असं मन पळायचं. दुखात निदान मानूस हाक तरी मारतं."

मग हसली. चहा ठेवते म्हणाली. चहा प्यायलो. खरंच, तिचा चेहरा निवळला होता. मी डोळ्यांनी बघितलं. ते नाटक नव्हतं. आणि एवढं बघूनही मी तिसऱ्या दिवशी बॅग भरून पुण्याला गेले!

आता सांगा, तिचं समाधान तिचा स्वभाव होता का? ती ते रोज रडून, भांडून, वाट बघून मिळवत होती. आपण मात्र समजलो, हिला काही लागत नाही.

गेल्या महिन्यात तिनं ताप अंगावर काढला. मी फोनवर विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी हाय." मी मानलं, कारण मला मानायचं होतं. चौथ्या दिवशी ती शिलाईच्या मशिनवरच कोसळली. दवाखान्यात दोन दिवस होती. शुद्धीवर आली तेव्हा मी शेजारी होते. म्हणाली, "ताई, तुमी आलात. लई बरं झालं." एवढंच. एक शब्द लागेल असा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. वहिनी, एकदा तरी मला बोलायचं होतंस गं!

काल मी दादाला सांगितलं, शाळेत लांब रजेचा अर्ज दिलाय, मी इथंच राहणार. तो म्हणाला, "तुला न्हाई जमायचं. तू लई तापट." मी म्हटलं, "नाही जमलं तर मला शिव्या घाल. पण मी जाणार नाही." वहिनीसारखा विश्वास माझ्यात नाही. मी चिडणार, आदळआपट करणार. काल रात्री प्रार्थनेला बसले, तर नुसता रागच आला. तो तसाच देवापुढं ठेवला. अजून समाधान आलेलं नाही. वाट बघतेय.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दादा, तू बसूनच. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. तिच्याबद्दल चांगलंसुद्धा नको.

एस्तेरवहिनी, तुझ्या नणंदेचा तुला सलाम.