मेजरला माणसांत आणताना

(उंब्रजजवळचं एक गाव, सकाळची फेरी. निवृत्त सुभेदार कृष्णात ऊर्फ आबांच्या हातात लॅब्रॅडॉर पिल्लाचा पट्टा. सोबत सून राजेश्वरी आणि जनावरांची डॉक्टर नीलिमा.)

आबा : …अन् म्हनं कुत्र्याला जात कळती! गावभर फिरवलाय तो व्हिडिओ. बनीच्या लुगड्याला तोंड काय लावलं, लगीच अन्याय! आवं, चार म्हैन्याचं पिल्लू, त्याला काय कळतंय?

नीलिमा : बनाबाई. माझी आई आहे ती, आबा.

आबा : व्हय, तेच की. आमचा ल्योक वीरधवल हुबा ऱ्हायलाय पंचायत समितीला. लोक म्हंत्यात, ह्यांचं कुत्रंसुदीक तसलंच. म्हनून ठरवलंय, परत एकदा गुरकावलं की कुपवाड. भाच्याच्या कारखान्याच्या गेटला, साखळीत.

राजेश्वरी : डॉक्टर, तुम्हीच सांगा हो यांना. माझा आवाज ऐकल्याशिवाय तो जेवत नाही. साखळीत काय जगणार तो?

नीलिमा : जगेल, पण चावरा होऊन. मग ‘मुळातच चावरा’ असं म्हणायला सगळे मोकळे. आबा, या वयात जे भेटतं त्याची भीती पिल्लाला राहत नाही. जे भेटत नाही त्याची जन्मभर राहते. त्याला आजवर काय काय दाखवलंत?

आबा : काय न्हाई दावलं ते इचारा! ट्रॅक्टर, एस्टी. गणपतीत डॉल्बीम्होरं हुबा केला, कान हलवला न्हाई गड्यानं. फेटेवाले, हेल्मेटवाले, ऊसतोडीची टोळी. शिराळ्याला पावण्यांकडं न्हेला, तर थेट मांडीवर!

नीलिमा : आणि आमच्या वस्तीतली माणसं?

आबा : तिकडं काय काम पडलं न्हाई.

नीलिमा : कुत्र्याला?

आबा : तसं न्हवं. रस्ता खराब हाय तिकडचा.

राजेश्वरी : आबा, तो रस्ता आपणच केला ना सिमेंटचा? केवढा फ्लेक्स लावला होता.

आबा : सूनबाई, तुमी मेजरसायबांकडं ध्यान द्या.

नीलिमा : ‘मेजर’ नाव कुणी ठेवलं?

आबा : मीच. जन्मभर मेजर दिसला की सलाम ठोकला. म्हनलं, एक तरी मेजर आपल्या हुकमात असावा. मेजर, सावधान! बघा, बसला.

नीलिमा : छान. आता इथून डावीकडे वळू या.

आबा : विहाराकडं? …चला की. आपल्याला काय. मेजर, सबूर. सबूर म्हनतो न्हवं! बघा, बघा, गुरकावतंय! अन् म्होरं मानूस बी न्हाई!

नीलिमा : तेच पाहायचं होतं. समोर कुणी नाही, तर गुरकावला कशावर? तुमच्या हाताकडे बघा, आबा.

आबा : हाताला काय झालंय?

राजेश्वरी : पट्टा… तुम्ही मनगटाला दोन वेढे घेतलेत, आबा. आत्ता, या कोपऱ्यावर.

आबा : सवय हाय.

नीलिमा : त्यालाही तीच लागली. पट्टा आखडला की पिल्लू समजतं, पुढे धोका आहे. तुम्ही एक शब्दही उच्चारला नाहीत. घरोघरी हे असंच शिकवलं जातं, न बोलता. आणि मग थोरांनाच नवल वाटतं, लेकराला हे कळलं कुठून.

आबा : ए बाय, मला जातपात शिकवू नगंस. फौजेत एका लंगरात जेवलोय मी समद्यांबरं!

नीलिमा : तो लंगर गावापासून किती लांब होता, आबा?

राजेश्वरी : उपाय सांगा ना, डॉक्टर.

नीलिमा : गोळी नाही, इंजेक्शन नाही. पट्टा सैल सोडून वस्तीत जायचं. ते पहिलंच घर आमचं. आईच्या ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा. माणूस निवांत, तर पिल्लू निवांत.

आबा : मग तुमीच न्या की त्याला.

नीलिमा : माझ्या हातात तो आत्ताही गुरकावणार नाही. प्रश्न तुमच्या हाताचा आहे.

आबा : मला शुगर हाय.

नीलिमा : आई बिनसाखरेचा करेल.

आबा : आज उपास बी हाय.

राजेश्वरी : ऑम्लेट खाऊन निघालोय आपण! द्या तो पट्टा इकडे. चल रे मेजर. बघ, मोकळा आहेस… नमस्कार, बनाबाई. त्या दिवशीचं मनात ठेवू नका… हो, बसते की. अगं बाई! आबा, बघा तरी! पदरात तोंड खुपसलंय यानं त्यांच्या! शेपूट थांबेना!

नीलिमा : आईनं बशीत दूध दिलं होतं, तेही संपलं.

राजेश्वरी : आबा, आता कुपवाड नको ना? शिकला तो!

आबा : टेंपोवाल्याला फोन लावा, सूनबाई. दुपारीच न्हेऊ द्या.

राजेश्वरी : का पण? शिकला ना?

आबा : म्हनूनच. तिथल्या बशीत घातलेलं तोंड घिऊन ते आपल्या सैपाकघरात येनार. असलं कुत्रं दारात ठिऊन करायचं काय? आना त्याला हिकडं.

राजेश्वरी : नाही आणत. आम्ही दोघं इथंच बसलोय. न्यायचाच असेल, तर इथं ओट्यावर या आणि तुमच्या हातानं घेऊन जा.

आबा : सूनबाई! लोक बघत्यात!

राजेश्वरी : …डॉक्टर, खरंच आले तर हो?

नीलिमा : तुम्ही चहा निवांत घ्या, वहिनी. आबा यायचे नाहीत.