पावणेदोन तासांवरची बहीण

मंडळी, उत्तर मनातल्या मनात द्या, शेजाऱ्याकडे पाहू नका! जवळचं माणूस कोणाला म्हणावं? ज्याच्याकडे लवकर पोचता येतं, त्याला? की ज्याच्याकडे आपण खरोखर जातो, त्याला?

तर ऐका! बेंगळुरूत हेमंत देवपुजारी नावाचे एक गृहस्थ. थोरली बहीण शरयूताई वर्ध्याला. आईवडील गेलेले, सख्खं म्हणून एकमेकांना ही दोघंच. दर दिवाळीला ताई विचारी, "येतोस न रे?" आणि हा म्हणे, "अगं, बेंगळुरू ते नागपूर विमानानं पावणेदोन तास! कधीही येईन!"

कधीही! काय शब्द आहे, पाहा — आरशासारखा लखलखीत, आणि आरशासारखाच आत रिकामा!

आपली रीत ठाऊक आहे ना? भाऊबीजेला भाऊ आला नाही, तर बहीण चंद्राला ओवाळते. शरयूताई कित्येक वर्षं चंद्रालाच ओवाळत होती. यंदा मात्र तिनं फोनवर सांगितलं, "बीजेची कोर मावळायला येईपर्यंत वाट पाहीन. नाहीच आलास तर तिलाच ओवाळीन — आणि यापुढे तुझा पाट मांडणार नाही."

हेमंतराव दचकले! तिकीट काढलं! कधीचं? भाऊबीजेच्याच दिवशी दुपारचं! "पावणेदोन तास तर लागतात, सकाळपासून जाऊन करू काय?"

अहो, हे अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंतचं! शरयूताई काय धावपट्टीवर राहते? सामानाच्या पट्ट्यापाशी रांगोळी घालून बसली आहे?

विमानतळावर रांग. घड्याळ काढा, कमरेचा पट्टा काढा! अहंकार तेवढा कोणी काढायला लावत नाही! विमान मात्र वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं. पुढे वर्ध्याचा रस्ता — आणि सणाची गर्दी! टॅक्सीच्या काचेतून त्याला कोर दिसली. नखाएवढी. झाडांआड जायची, पुन्हा डोकवायची.

"दादा, जरा लवकर!"

"मी तं नेतोच आहे जी! समोरचा ट्रक हटून राहिला नाही न!"

एका वळणानंतर ती दिसलीच नाही.

दार उघडं होतं. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला.

"ताई, विमान अगदी वेळेवर होतं गं!"

"असेल न बाबू. चंद्रही वेळेवर होता. हातपाय धू, पान वाढते."

"आणि... ओवाळणं?"

"झालं."

रागावली नाही, मंडळी! भांडायलाही जवळचं माणूस लागतं. तिनं त्याला पाहुण्यासारखं आग्रहानं वाढलं — 'संकोच करू नका' एवढंच म्हणायचं राहिलं होतं! आणि तो समोरचा लाडू नुसता कुस्करत बसला.

हसत होतात ना मघाशी? आता सांगा, तुमच्यासाठी कोण थांबलं आहे? ओठांवर नाव आलं असेल, तर देवाच्या आधी तेच घ्या. देव समजून घेईल. टाळ वाजू द्या! आणि आज घरी जाताना, मायबाप, थोडी वाकडी वाट करून जा!