मुलीवर लक्ष

सुट्टीत मुलांच्या अभ्यासावर लक्ष कसं ठेवायचं, ते मला विचारा. चंडीगढच्या उन्हात बाहेर पडणं अशक्य, म्हणून आमची अकरावीतली सई दिवसभर मैत्रिणींसोबत व्हिडिओ कॉलवर असायची.

"हा कसला अभ्यास?" मी ओरडले.

"मम्मा, पढ़ ही रहे हैं. कोई उठा तो सबको दिखता है."

म्हटलं, बघतेच. दोन वर्षं रखडलेला माझा पीएचडीचा प्रबंध घेऊन तिच्या शेजारीच बसले. दहा मिनिटांत चहाला उठले, तर फोनमधून तिची मैत्रीण सिमरन म्हणाली, "आंटीजी, ब्रेक बारह बजे है."

मुकाट्याने बसले. सुट्टी संपायच्या आत प्रबंध पूर्ण!

गाईडनी विचारलं, "एवढा वेळ कुठून काढलात?"

म्हटलं, "वेळ कुठला, सर? मुलीवर लक्ष ठेवत होते."