वायरीचं दुसरं टोक

...म्हणून म्हणते भाऊ, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा मागचा पाय नुसता उभा आहे, जोडलेला नाही. स्टूल घ्या. हां. तर शुक्रवार. शुक्रवारी सकाळी साडेनऊला कॉम्प्युटर लावले तर नेटवर्क गेलेलं आणि आज बुधवार. सात माणसं कॉम्प्युटरसमोर बसून एकमेकांची तोंडं बघतायत — आणि तोंडंही अशी नाहीत की इतके दिवस बघत बसावीत. तुम्हाला बोलवायला एवढा उशीर का? अहो, घरात वैद्य असताना बाहेरचा कोण बोलावतो! आमच्या साहेबांचे मेहुणे आहेत ना, त्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. म्हणजे एक गोष्ट कळते. बंद करायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे, चालू करायचं. ते मोजत असताना आम्ही बोलायचं नाही, खोकायचं नाही. मग चालू केलं की मिनिटभर सगळं छान चालतं. ते "झालं!" म्हणतात, हात झटकतात, जिना उतरून रस्त्यावर पोचेपर्यंत इकडे पुन्हा ठप्प. रोज तीनदा. आणि दर वेळी तो माणूस जिंकून घरी गेलाय.

हो, तो टेबलाखालचा पांढरा डबा, तोच. सगळ्या वायरी त्यातच जातात. त्याच्यावर डाग कसला? पाण्याचा. समोरच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, खिडकीतून ऊन येतं, डबा तापत असेल — आणि त्यावर रुमाल घातला. ओला, भाऊ, ओला! मी किंचाळले तर मलाच म्हणाल्या, "तू फार घाबरट आहेस बाई." आहेच मी घाबरट. माझ्यासारखी एक घाबरट आहे म्हणून हे ऑफिस अजून जागेवर आहे. आणि आमचे मोठे काका — इथे सगळ्यांत जुने तेच — त्यांनी त्याला वरून थापट्या मारल्या. जुन्या रेडिओला मारायचे तशा. त्या रेडिओचं पुढे काय झालं, ते विचारलं तर सांगत नाहीत.

तुम्हाला वाटेल, चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्यांचं नेटवर्कवाचून काय अडतं? अहो, दुकानांकडून नंबर माझ्याकडे येतात, माझ्या टेबलावरून ते आतल्या खोलीत, काचा घासतात त्या मशीनकडे जायचे. आता जात नाहीत, तर मी ओरडते. "डावा उणे अडीच!" आतून येतं, "कोणाचा डावा?" मी म्हणते, "मास्तरांचा!" आतून येतं, "कुठले मास्तर?" काल त्या मास्तरांची उजवी काच डावीकडे गेली. फोन आला त्यांचा. म्हणाले, मुली, वर्गात दुप्पट पोरं दिसतायत, आधीची काय कमी होती — आई गं! काय हो? पेचकस पडला होय. सांगून पाडा ना जरा. सगळे खाली चहाला गेलेत, एवढ्या शांततेत असा आवाज...

कोणी हात लावला होता? डब्याला? हाच प्रश्न शुक्रवारी साहेबांनी विचारला. सगळ्यांना रांगेत उभं करून. मग मेहुणेच म्हणाले, "दुसरं कोण, झाडूवाली मावशी. झाडू घालते टेबलाखाली, वायरी उपटते." झालं. गुन्हेगार सापडला. नेटवर्क सापडलं नाही, पण गुन्हेगार सापडला, तेवढ्यावर माणसं इतकी खूश झाली की विचारू नका! मोठे काका म्हणाले, मला आधीपासून शंका होती. काकांना सगळ्याची आधीपासून शंका असते, फक्त ती नंतर येते. मग तीन दिवस ज्याचं जे बिघडेल ते मावशींच्या नावावर. सोमवारी प्रिंटरमध्ये कागद अडकला, तोही मावशींनीच. मावशी त्या दिवशी आल्याही नव्हत्या. मी? मी काय म्हणणार? मी एवढंच म्हटलं की गुरुवारी संध्याकाळी त्यांनी इथे पुसलं होतं. खरंच पुसलं होतं. खोटं बोलले नाही मी.

त्या बाहेर पायरीवर बसल्यात ना हिरव्या साडीतल्या, त्याच. किल्ली परत द्यायला आल्यात. अकरा वर्षं सकाळी ऑफिस त्याच उघडायच्या, साहेबांनी काल सांगितलं, उद्या किल्ली आणून द्या आणि पुन्हा येऊ नका. मी म्हटलं माझ्याकडे द्या, मी देते साहेबांना. तर म्हणाल्या, "नको पोरी, ज्यांनी दिली त्यांच्याच हातात देते." पोरी म्हणतात मला. अजूनही.

बरं ते जाऊ दे, तुम्ही काय दाखवताय? दिवे? लुकलुकतायत की! सगळे एकदम, एका दमात. मी तर साहेबांना सांगितलं होतं, बघा, डबा किती मन लावून काम करतोय. एरवी एक इकडे, एक तिकडे, जांभया दिल्यासारखे लुकलुकायचे — हे वाईट आहे का? म्हणजे कसं? निघालेला निरोप फिरून पुन्हा डब्यात येतो, डबा तो पुन्हा सगळीकडे पाठवतो, तो पुन्हा येतो... हां, हां, कळलं. आमच्या वहिनीचं असंच आहे. तिला एक सांगायचं, ती ते आत्याला सांगते, आत्या आईला, आई पुन्हा वहिनीला, आणि वहिनीला वाटतं ही नवीनच बातमी — की पुन्हा आत्या! मग घरात दुसरं कोणाचं काही ऐकूच येत नाही. बंद करून चालू केलं की ही डब्यातली वहिनी गोंधळ घालायला मिनिटभर घेते, तेवढ्यात मेहुणे जिंकतात. वा! पण मग निरोप फिरतो कशाने?

एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात?

छे! असं कोण करेल? वेडंच माणूस हवं. म्हणजे — वेडं नको म्हणायला. समजा, एखादं नीटनेटकं माणूस. समजा, आमच्या जाहिराती करणारा डिझाइनवाला नोकरी सोडून गेला, त्याचं टेबल हलवलं, आणि त्याच्या टेबलाची वायर तशीच जमिनीवर लोळत पडली. एक टोक डब्यात, दुसरं मोकळं. येता-जाता पायात येतंय. आणि डब्यात एक भोक रिकामं. तर माणसाला वाटणार नाही का, की हे यातलंच असेल, निसटलं असेल, कोणीतरी अडखळून पडेल? काही माणसांना मोकळं काही बघवतच नाही हो. घरातून निघताना गॅस तीनदा बघणारी माणसं असतात. अशा माणसानं ते टोक उचललं, रिकाम्या भोकात लावलं, टक् असा आवाज आला — इतका समाधानाचा आवाज — आणि ते माणूस गुरुवारी संध्याकाळी घरी जाऊन शांत झोपलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

असं का बघताय?

हो. बरं, हो. पण मला ठाऊक नव्हतं! म्हणजे शुक्रवारी नव्हतं. शनिवारी... शनिवारी जरा वाटलं. सोमवारी मी खाली वाकले होते, काढणार होते, तेवढ्यात मागून मेहुण्यांनी हाक मारली आणि माझं डोकं टेबलाला आपटलं — हे बघा टेंगूळ. म्हणाले, "तू काय शोधतेस?" मी म्हटलं, टाचणी. मग पुन्हा धीर झाला नाही. सहा महिन्यांची कच्ची नोकरी आहे माझी, भाऊ. येत्या सोमवारी साहेब पक्की करणार. याआधीच्या दोन सुटल्या. दादाच्या घरी राहते मी, वहिनी जेवण वाढताना विचारते, "झालीस का गं पक्की?" — सगळ्यांसमोर, भात वाढता वाढता. मावशींचं काय, त्यांना दुसरं काम मिळेल, असं मी... असं मी स्वतःला सांगितलं. रोज. वर परत खालच्या दुकानातून त्यांना चहा पाठवला, काय मोठी दानशूर!

अहो, लागलं! दिवे बघा कसे शांत झाले. माझ्या पडद्यावर एकोणचाळीस ऑर्डरी येऊन पडल्या. काढली का तुम्ही ती वायर? एवढंच? बोटभर काम? आणि यासाठी — बरं, ऐका ना, तुमच्या त्या कागदावर काय लिहिता? कारण म्हणून? डबा बिघडला लिहा ना. थापट्या, ओला रुमाल, काय कमी झालंय का त्याचं! कोणी विचारणार नाही. नाही? डबा चांगला आहे, उद्या तुमचे साहेब तो मागवून तपासतील, तुमच्यावर येईल... हो, बरोबर आहे. तुमच्यावर कशाला. मग असं करा, "वायर कोणीतरी चुकीची जोडली" एवढंच लिहा. कोणीतरी. मोघम. तेवढं खरंही आहे, सगळ्यांना सोयीचंही —

थांबा. खोडा ते. कोणीतरी नका लिहू. या ऑफिसात "कोणीतरी" म्हणजे मावशी, हे एव्हाना पक्कं झालंय. तुम्ही लिहाल कोणीतरी, मेहुणे वाचतील मावशी, काका म्हणतील शंका होतीच. आणि मी पुन्हा म्हणेन, पुसलं होतं.

लिहा — ऑर्डर घेणारी मुलगी. हो, तसंच. गुरुवार, संध्याकाळ. अक्षर नीट काढा, मेहुण्यांना वाचता आलं पाहिजे. द्या, सही करते. तारीखही घालते. झाली.

तो जिन्यावर साहेबांचाच पाय. हो, त्यांच्या बुटाचा एक करकरतो. — या साहेब, नेटवर्क आलं. हो, सगळीकडे. सापडलं कारण, सांगते. एक मिनिट. मावशी! मावशी, तिथे पायरीवर नका बसू, आत या. किल्ली असू दे हातातच. तुमच्यासमोर सांगायचंय मला. — आणि भाऊ, तुम्ही अजून इथेच? सही झाली ना? मग निघा की. नाही, पाणी नको मला. आवाज थरथरतोय तो थरथरू दे, त्यात तुम्हाला दुरुस्त करण्यासारखं काही नाही. निघा.