नेसरीचा ऊस

उपग्रहाचं कौतुक मला नका सांगू. ऐंशीच्या दशकात मी कोल्हापुरात भूगोल शिकवायचो. उपग्रहाच्या चित्रावरून पिकं ओळखायला संगणकाला शिकवायचं होतं. नमुना म्हणून नेसरीजवळचं एक शेत मी दाखवलं, हा ऊस. मग संगणकानं तशी दिसणारी सगळी रानं ऊस ठरवली. महिन्याभरानं खात्री करायला त्या शेतात गेलो, तर उसाला कणसं लागलेली.

शेताचे मालक तात्या माझ्याकडून सगळा प्रकार ऐकून शांतपणे म्हणाले, "मास्तर, मक्याला ऊस म्हणून यंत्राला सांगितलं कुणी?"

"मीच."

"कुठनं बघून?"

"रस्त्यावरनं. जीपमधनं."

"वरचं ते नऊशे किलोमीटरवरनं बघतंय, त्याला काय बोलायचं? तुमास्नी उतरून धा पावलं चालवंना व्हय?"